संत्र्याची वाइन, नाशिकच्या वाइन आणि एक जुनी बाटली: चाखून निकाल कसा लावायचा?

बहार_वरूड

नमस्कार मंडळी. आमच्या संत्रा उत्पादक गटाने एका परवानाधारक वायनरीत संत्र्याच्या वाइनचे चार प्रायोगिक नमुने करून घेतले आहेत. चारही साधारण ११ ते १२ टक्के अल्कोहोलचे.

अ: आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा), साल-बिया वेगळ्या काढून रस.
ब: तोच माल, पण स्क्रू प्रेसमधून सरसकट काढलेला रस.
क: मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडी फुलणारा), रस काढण्याची पद्धत अ सारखी.
ड: अ चीच वाइन, ओकच्या लाकडाचे तुकडे घालून ठेवलेली.

यातला कोणता पुढे न्यायचा ते ठरवायचं आहे. त्याच दिवशी तुलनेला म्हणून नाशिकची शेनिन ब्लां, नाशिकची सोव्हिन्यों ब्लां, न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लां या तीन पांढऱ्या, आणि नाशिकची शिराझ व स्पेनची रिओहा रिझर्वा या दोन लाल ठेवणार आहोत. एका सभासदाकडे २०११ ची बोर्दो (फ्रान्सची लाल वाइन) आहे, अमरावतीला घरच्या कपाटात ठेवलेली. तीही उघडू म्हणतो.

चाखणारे १२ जण, बहुतेक शेतकरी, दोघं-तिघं वाइनचे जाणकार. वेळ एप्रिलचा शेवट, म्हणजे आमच्याकडे पारा ४२ च्या पुढे. विचारायचं हे की क्रम कसा लावावा, गुण कोणत्या पद्धतीने द्यावेत, आणि संत्र्याच्या वाइनमध्ये दोष कुठला अन् चव कुठली हे नवख्या माणसाने कसं ओळखावं? निकाल भांडण न होता लागला पाहिजे.

चाखणीघर

आधी कायद्याचं बोलून घेऊ. तुमच्या गटात आर्वी-कारंजाकडचे सभासद असतील तर नमुने घरी घेऊन जाऊ देऊ नका. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. चाखणी परवाना असलेल्या जागेतच घ्या.

आता मांडणी. सगळ्या बाटल्या एका रांगेत मांडल्या तर संत्र्याची वाइन हमखास मार खाईल. द्राक्षाच्या वाइनमध्ये मुख्य आम्ल टार्टारिक असतं, संत्र्यात सायट्रिक. तोंडाला एकदा एका आंबटपणाची सवय झाली की दुसरा परका लागतो. म्हणून तीन फेऱ्या करा. पहिली फेरी फक्त अ-ब-क-ड. खरा निर्णय तिथेच घ्यायचा आहे आणि तोंड सगळ्यात ताजं तेव्हाच असतं. दुसरी फेरी तीन पांढऱ्या. तिसरी शिराझ, रिओहा आणि शेवटी जुनी बोर्दो. दोन फेऱ्यांमध्ये वीस मिनिटं तरी जाऊ द्या.

पुस्तकी नियम तुम्हाला माहीत असेल: ड्राय (म्हणजे गोडी नसलेली) आधी, गोड नंतर; हलकी आधी, भारी नंतर; पांढरी आधी, लाल नंतर; तरुण आधी, जुनी नंतर. तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला पाळा. पहिल्या फेरीत मात्र सगळ्यांना एकच क्रम देऊ नका. ब कडू निघाली तर तिच्यानंतर येणारा नमुना फुकट बदनाम होतो किंवा उगीच गोड वाटतो. बारा जणांचे तिघातिघांचे चार गट करा आणि क्रम असे द्या: अ-ब-ड-क, ब-क-अ-ड, क-ड-ब-अ, ड-अ-क-ब. यात प्रत्येक नमुना दुसऱ्या प्रत्येक नमुन्यानंतर बरोबर एकदा येतो, त्यामुळे मागच्या घोटाचा परिणाम सगळ्यांवर सारखा वाटला जातो. ग्लासवर अ-ब-क-ड लिहू नका, ४१७, ८६२ असे तीन आकडी अंक लिहा. 'अ' दिसलं की माणसाला ते पहिल्या नंबरचं वाटतंच.

बाटल्या झाकणं म्हणजे वर्तमानपत्र गुंडाळणं नव्हे. मानेवरची पन्नी पूर्ण काढा. मार्लबरोच्या बाटलीला फिरकीचं झाकण असणार, रिओहाला बूच; आट्यांची मान दिसली की ओळख पटली. खांद्याच्या आकारावरूनही जाणकार बोर्दो ओळखतो. सगळ्यात बरं म्हणजे आतल्या खोलीत एकाने ओतायचं आणि बाहेर फक्त ग्लास आणायचे. ओतणाऱ्याने चाखायला बसायचं नाही, आणि ग्लास मांडताना चेहराही कोरा ठेवायचा.

ग्लास देठाचा, पोटाला रुंद आणि तोंडाला निमुळता हवा. चाखणीच्या प्रमाणित ग्लासमध्ये काठोकाठ २१५ मिली मावते, पण ओततात ५० मिलीच, कारण वास जमायला वरची मोकळी जागा लागते. ७५० मिलीच्या बाटलीत असे १५ ग्लास होतात. म्हणजे बारा जणांना एक बाटली पुरते आणि दीडशे मिली दोष तपासायला उरते. स्टीलचे पेले, चहाचे कटिंग ग्लास अजिबात नकोत.

तापमानावर तुमची अर्धी चाखणी अवलंबून आहे. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हे जिथून आलं तिथे खोली १६-१८ अंशांची असते. वरूडच्या एप्रिलमधल्या खोलीत तीच वाइन नाकात फक्त स्पिरिट सोडते, फळाचा वास दबतो, तोंडात जळजळ होते. उलट फार गार केली तर गोडी आणि वास दोन्ही झोपतात, तुरटपणा आणि कडवटपणा वर येतो. संत्र्याच्या आणि पांढऱ्या वाइन १० ते १२ अंश, लाल १६ ते १८. बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घातलेल्या बादलीत बाटली मानेपर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे काचेला पूर्ण टेकत नाहीत. ३५ अंशांची बाटली १७ वर यायला साधारण वीस मिनिटं आणि १०-१२ वर यायला पस्तीस-चाळीस मिनिटं धरा. अंदाजावर सोडू नका, स्वयंपाकाचा काडीचा थर्मामीटर एका बाटलीत घालून बघा. ग्लासात ओतल्यावर उन्हाळ्यात दर काही मिनिटांनी अंश चढतोच, म्हणून दोन अंश गारच ओता.

सकाळी आठ ते दहामध्ये उरका. दुपारी काही खरं नाही.

खारपाण_अकोला

मांडणीचं वरच्यांनी छान सांगितलं, मी रसायनाकडून बोलतो.

नागपुरी संत्र्याचा घोळ कडवटपणाचा आहे, आणि तो लगेच कळत नाही. फळ खाताना कडू लागत नाही कारण बियांत, फोडींच्या पडद्यात आणि सालीखालच्या पांढऱ्या गरात लिमोनिनचं जे आधीचं रूप असतं त्याला चव नसते. रस काढला की आम्लामुळे काही तासांत त्याचं लिमोनिन होतं आणि रस कडू होतो. तुमच्या ब मध्ये बिया चिरडल्या गेल्या असणार, म्हणून तिथे हा कडवटपणा सगळ्यात जास्त अपेक्षित आहे. तो जीभेच्या मागे, गिळल्यावर किंवा थुंकल्यावर वर येतो आणि रेंगाळतो. म्हणून पहिल्या घोटावर गुण देऊ देऊ नका. थुंकल्यावर तीस सेकंद थांबायला लावा, मगच पेन उचलू द्या. मुरवल्यावर जाईल या भरवशावर अशी वाइन पास करू नका. साखर ठेवून तो झाकता येतो, घालवता येत नाही.

दुसरा प्रश्न सालीच्या तेलाचा. थोडं तेल उतरलं तर वास छान संत्र्याचा येतो आणि नवखे लोक त्यावर भाळतात. पण त्यातलं लिमोनीन (वरचं लिमोनिन वेगळं, हे वासाचं) आम्लात हळूहळू बदलतं आणि काही महिन्यांत टर्पेंटाइनसारखा, शिळ्या सालीचा वास येतो. आज सगळ्यात 'संत्र्यासारखी' वास मारणारी बाटली वर्षाने सगळ्यात वाईट निघू शकते. नोंदवहीत 'सालीचा वास' आणि 'रसाचा वास' असे दोन वेगळे रकाने ठेवा.

आता दोष. हे वास ओळखायला शिकवल्याशिवाय कुणाला बसवू नका:

नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगर. ॲसेटिक आम्ल लिटरला पाऊण ग्रॅमच्या आसपास गेलं की नाकाला कळायला लागतं. संत्र्याच्या वाइनला हा धोका जास्त, कारण लॅक्टिक जीवाणू सायट्रिक आम्ल खाऊन त्यातून ॲसेटिक आम्ल तयार करतात. सोबत लोण्यासारखा वास येत असेल तर संशय आणखी पक्का.

सडक्या अंड्याचा वास. किण्वाला (यीस्टला) नायट्रोजन कमी पडला की होतो. दोन ग्लास घ्या, एकात लिंबाने घासून स्वच्छ धुतलेली तांब्याची तार पाच मिनिटं बुडवा. तारेच्या ग्लासातला वास गेला तर तो गंधकाचाच दोष. हा ग्लास फक्त हुंगायचा, प्यायचा नाही. जळत्या काडीसारखा टोचरा वास वेगळा, ते सल्फर डायऑक्साइड असतं. बऱ्याचदा ग्लास हलवून थोडा वेळ ठेवला की कमी होतं.

ठेचलेल्या सफरचंदाचा वास आणि मातकट होत चाललेला रंग: हवा लागली. संत्र्यात क जीवनसत्त्व भरपूर, तेच पुढे तपकिरी होतं, म्हणून ही वाइन द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनपेक्षा लवकर काळवंडते.

उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव. ही नाकाला येत नाही, थुंकल्यावर दहा-वीस सेकंदांनी येते. सल्फाइट (टिकवण्यासाठी घालतात ते) कमी वापरलेल्या फळांच्या वाइनमध्ये सापडते. काही लोकांना मुळीच जाणवत नाही, त्यामुळे एकानेच तक्रार केली म्हणून त्याला वेड्यात काढू नका.

चुरगळलेल्या जिरॅनियमच्या पानाचा वास आला तर सॉर्बेट (टिकाऊपणासाठीचं रसायन) घातलेल्या वाइनमध्ये जीवाणू वाढले समजा. तो दुरुस्त होत नाही.

गढूळपणावर मात्र घाईने गुण कापू नका. एक भाग वाइनमध्ये चार भाग स्पिरिट घालून हलवा आणि थोडा वेळ ठेवा. चिकट गोळे किंवा तंतू दिसले तर पेक्टिन (फळातला चिकट पदार्थ) आहे, तो एन्झाइमने सुटतो. चवीचा दोष नाही. तेही मिश्रण फेकून द्यायचं.

एक दिवस आधी सरावाचे पेले करा. आपल्याकडे सगळं सामान घरात आहे. टार्टारिक आम्लासाठी चिंचेचं गाळलेलं पाणी, सायट्रिकसाठी लिंबू, मॅलिकसाठी आंबट सफरचंद, लॅक्टिकसाठी ताकाची निवळी, ॲसेटिकसाठी लिटरभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर. तुरटपणाला कच्चं टेंभरू किंवा कोऱ्या चहाचा गार काढा, कडवटपणाला कडुनिंबाची दोन पानं उकळलेलं पाणी. निम्मे लोक तुरट आणि कडू यांची गल्लत करतात. तुरटपणा हा स्पर्श आहे, गाल-हिरड्या आवळतात. कडू ही जीभेवरची चव. ही गल्लत ब च्या निकालात नेमकी नडेल. गोडीसाठी लिटरला ४, १२ आणि ४५ ग्रॅम साखरेचं पाणी करा. युरोपात ड्राय, मिडियम ड्राय, मिडियम यांच्या हद्दी साधारण याच आकड्यांवर आहेत. मग १२ ग्रॅमच्याच पाण्यात लिंबू पिळून परत द्या. गोडी कमी झाल्यासारखी वाटेल, साखर तेवढीच असूनही. हा धडा एकदा मिळाला की 'ही गोड आहे म्हणून चांगली' हे वाक्य बंद होतं.

आणि पाणी! खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने ग्लास खळाळू नका. सुकल्यावर पांढरा थर राहतो आणि मीठ लाल वाइनचा तुरटपणा मऊ करून दाखवतं. वरूडकडे पाणी बरं आहे तरी शेवटचा हात आरओच्या पाण्याचा मारा, पालथे घालून हवेवर सुकवा, कपाटात ठेवू नका. फडक्याने पुसलं की फडक्याचा वास.

मोर्शीचा_बंड्या

भाऊ, बारा लोकाइपैकी निम्मे तर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणारे असतीन. त्याइचं काय करा? अन् सकाळी आठले बोलावलं म्हणजे तर्री-पोहे खाऊनच येतीन सारे.

चाखणीघर

@मोर्शीचा_बंड्या, प्रश्न अगदी मुद्द्याचा. सुपारीतही टॅनिन (तुरटपणा देणारा पदार्थ) असतं आणि चुना तोंडाची आम्लता मारतो, त्यामुळे खर्रा खाऊन आलेल्याला आंबट वाइन सपक लागते आणि तुरटपणाचा अंदाजही चुकतो. किमान दोन तास आधी बंद. ज्याला जमणार नाही त्याला ओतायच्या कामाला लावा. नाश्त्याला साधी पोळी, केळं, दूध नसलेला फिका चहा चालेल. तिखट, कांदा, लसूण, पेपरमिंटची पेस्ट नको. मध्ये तोंड साफ करायला मीठ न घातलेली ज्वारीची भाकरी चांगली. बिस्किटात मीठ-साखर असते, शेंगदाणे-फरसाण तर मुळीच नको. सावजी रस्सा निकाल जाहीर झाल्यावर.

खोलीचंही बघून घ्या. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर म्हणजे आख्ख्या खोलीला वाळ्याचा वास. लाकडी जाळीचा असेल तर ओल्या गवताचा. तासभर आधी खोली गार करून कूलर बंद करा. अगरबत्ती, डासांची कॉइल, मोगऱ्याचा गजरा, फिनाइल, धान्यात गोळ्या टाकलेलं कोठार, सगळं लांब. लाल-पिवळ्या मांडवाखाली बसलात तर रंगाचे गुण गेलेच. पांढरी भिंत, पांढरा कागद, खिडकीचा उजेड.

आणि थुंकायचंच. लाकडाचा भुसा टाकलेली बादली दोघांत एक. दहा ग्लास गिळल्यावर कोणाचंही मत मत राहत नाही.

निकालपत्रक

गुणांचा मुद्दा राहिला. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात १९५९ च्या सुमारास वीस गुणांची पद्धत बसवली गेली. ढोबळ वाटणी अशी: स्वच्छपणा २, रंग २, वास ४, व्हिनेगरपणा नसणं २, आम्लता २, गोडी १, भरीवपणा १, चव २, कडू-तुरट २, एकूण दर्जा २. सतरा ते वीस उत्तम, तेरा ते सोळा नीटनेटकी, नऊ ते बारा म्हणजे विकता येईल पण दोष जाणवतो. तुम्हाला ही शंभर गुणांपेक्षा सोयीची आहे, कारण ती दोष शोधायला बनवली आहे आणि तुम्हाला दोषच शोधायचे आहेत. शंभराची पद्धत प्रत्यक्षात पन्नासपासून सुरू होते आणि नवखे सगळ्यांना ८२ ते ८८ देऊन मोकळे होतात.

पण नुसत्या बेरजेवर निकाल लावू नका. १९७६ साली पॅरिसमध्ये झाकलेल्या चाखणीत कॅलिफोर्नियाच्या वाइननी फ्रेंच वाइनना मागे टाकलं, ते जगभर गाजलं. तिथेही वीसपैकी गुण होते आणि नऊ फ्रेंच परीक्षकांची सरासरी काढली होती. लाल वाइनमधल्या पहिल्या-दुसऱ्यातला फरक नगण्य होता आणि एकाच वाइनला दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांत मोठं अंतर होतं. पुढे २००८ मध्ये रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य स्पर्धेचा अभ्यास छापला. एकाच बाटलीतली वाइन त्याच परीक्षकांना तीनदा दिली, तर दहापैकी एखादाच परीक्षक स्वतःच्या गुणांशी प्रामाणिक राहिला. मुरलेल्या परीक्षकांची ही गत, तर आपल्या बारा जणांच्या १४.२ आणि १४.६ मध्ये काय अर्थ आहे?

म्हणून पहिल्या फेरीत पाचवा ग्लास ठेवा, चारपैकी एकाचीच पुनरावृत्ती, वेगळ्या अंकाने. ज्याचे त्या दोन ग्लासांचे गुण तीनपेक्षा जास्त वेगळे येतील त्याचं पत्रक बाजूला ठेवायचं. हे आधीच सगळ्यांसमोर ठरवा, नंतर ठरवलं तर तेच भांडण. सरासरीऐवजी गुण चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, म्हणजे एखाद्याने रागाने दिलेला ४ सगळ्यांना खाली ओढणार नाही.

बहार_वरूड

खूपच उपयोगी. एक शंका: अ आणि ड मध्ये फरक फारच कमी वाटतो म्हणे. ओकचे तुकडे घालायचा खर्च करायचा की नाही, हे गुणांवरून कसं ठरवू?

निकालपत्रक

गुणांवरून नाहीच. तीन ग्लासांची परीक्षा घ्या. प्रत्येकाला तीन ग्लास, त्यात दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं, आवडलं की नाही विचारायचंच नाही. सहा जणांना अ-अ-ड चे प्रकार द्या आणि सहा जणांना ड-ड-अ चे, जागा बदलून. नुसत्या अंदाजाने तिघांत एक बरोबर येतोच, म्हणजे बारापैकी चार. आठ किंवा जास्त बरोबर आले तरच फरक खरोखर जाणवतो असं म्हणता येतं. सात आले तर ओकचे पैसे वाचवा.

ही परीक्षा काळ्या ग्लासात घ्या, किंवा खोलीत लाल दिवा लावा. ड चा रंग थोडा गडद असणार आणि डोळा नाकाला फसवतो. बोर्दो विद्यापीठात ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. २००१ चा अभ्यास आहे.

तळघर_नागपूर

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीविषयी कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

नाशिक आणि मार्लबरो या दोन सोव्हिन्यों शेजारी ठेवताय ते उत्तम, पण 'कोणती चांगली' विचारू नका, 'कोणती कुठली' विचारा. मार्लबरो ४१ अंश दक्षिणेला, रात्री थंड, आंबटपणा टोकदार. पॅशनफ्रूट, रायआवळा, कापलेलं गवत. नाशिक २० अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, आणि काढणी जानेवारी ते मार्च, म्हणजे द्राक्ष पिकताना दिवस तापत जातात. आंबटपणा मवाळ, हिरव्या ढोबळी मिरचीचा वास असला तरी मागे पिकं फळ. नाशिकच्या वाइनला मार्लबरोच्या फुटपट्टीने मोजलं तर ती कायम दोन बोटं कमीच भरणार. तिच्या जातीत ती स्वच्छ आहे का, तोल आहे का, चव किती वेळ टिकते, एवढं बघा. थुंकल्यावर चव किती सेकंद राहते ते मनात मोजा: पाचच्या आत संपली तर साधी, पंधराच्या पुढे गेली तर दखल घेण्यासारखी. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या धारा बघून माना डोलावणारे भेटतील. धारा अल्कोहोल दाखवतात, दर्जा नाही.

शेनिनच्या बाटलीवरची तारीख बघा. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाइन एक-दोन वर्षांत प्यायच्या असतात आणि दुकानात उन्हाच्या बाजूला उभी राहिलेली बाटली त्याहून आधी जाते. शक्यतो दोन घ्या. एक फसली तर दुसरी हाताशी.

रिओहा रिझर्वा म्हणजे किमान तीन वर्षं मुरवलेली, त्यात निदान एक वर्ष ओकच्या पिंपात. बऱ्याच वायनऱ्या अमेरिकी ओक वापरतात, त्यातून व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास येतो. ती ड च्या शेजारी परत हुंगून बघा, तुकड्यांचा ओक आणि पिंपाचा ओक यातला फरक लगेच कळेल: तुकड्यांचा वास वेगळा उभा राहतो, वाइनमध्ये मिसळत नाही. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास शोधा. तो खरोखर मिरीतल्याच रेणूचा आहे, रोटंडोन नावाचा. काही लोकांच्या नाकाला तो अजिबात कळत नाही.

आता २०११ ची बोर्दो. अमरावतीच्या कपाटातले इतके उन्हाळे म्हणजे आशा बेताचीच ठेवा. उघडण्याआधी तीन गोष्टी बघा. वाइनची पातळी मानेखाली खांद्यापर्यंत उतरली आहे का? बूच पन्नीला वर ढकलतंय का? पन्नीखाली चिकट डाग आहे का? उन्हाळ्यात वाइन फुगते, बूच रेटते, गळते. थंडीत आक्रसते आणि हवा आत ओढते. तिन्हींना 'हो' असेल तर ती निकालात धरू नका, शिकायला म्हणून उघडा.

चोवीस तास उभी ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल. इतकं जुनं बूच साध्या स्क्रूने तुटतं. दोन पात्यांचं बूचकाढणं मिळालं तर बुचाच्या दोन्ही बाजूंनी पाती डुलवत खाली न्या आणि फिरवत वर काढा. मोबाइलची बॅटरी मानेखाली धरून, एकाच संथ धारेत दुसऱ्या स्वच्छ बाटलीत ओता. खांद्याजवळ गाळाची काळी रेघ दिसली की थांबायचं. उरलेले पन्नासेक मिली सोडून द्यायचे. गाळ हा दोष नाही, रंग आणि टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून खाली बसतात.

जुनी वाइन तासन्तास उघडी ठेवायची नाही. हवेत तिचा वास वीस-तीस मिनिटांत उतरणीला लागू शकतो, म्हणून ओतली की लगेच चाखा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा.

वय झालेली आणि उष्णतेने गेलेली यात फरक असा करा. दोन्हींत काठाला विटकरी रंग दिसतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका. चांगली वय झालेली वाइन देवदाराचा, तंबाखूच्या पानाचा, कातड्याचा, पावसाळी जंगलातल्या अळंब्याचा वास देते, आणि त्याखाली फळ अजून जिवंत असतं. तोंडात आंबटपणा सरळ उभा असतो. उष्णतेने गेलेलीला शिजवलेल्या मनुकांचा, करपल्या साखरेचा वास येतो, मधली चव पोकळ आणि शेवट छोटा. मडेराची वाइन मुद्दाम ४५-५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात, पण तिच्यात जादा अल्कोहोल घालून आणि तिच्या मूळच्या कडक आंबटपणावर ते निभावतं. बोर्दोला ते झेपत नाही.

तिसरी शक्यता बुचाच्या दोषाची: भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओल्या गोणपाटाचा वास. लिटरला काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही नाक बंद पडल्यासारखं होतं. हा दोष वयाशी संबंधित नाही, नव्या बाटलीतही निघतो, आणि ग्लासात वेळ जाईल तसा वाढत जातो.

पोर्टवाली_ताई

दादा, आमच्या गटातल्या बायकांना वाइन म्हणजे दुकानातली गोड 'पोर्ट'च माहीत आहे. त्यांच्यासमोर ड्राय वाइन ठेवली तर सगळ्यांना नापास करतील. त्यांना बसवावं की नाही?

तळघर_नागपूर

जरूर बसवा ताई, पण वेगळ्या कामासाठी. दोष शोधायचं पत्रक सराव केलेल्यांना द्या. आवडीचा प्रश्न त्यांना विचारा: चार ग्लास आवडीच्या क्रमाने लावा, बस. पुढे विकत घेणारे असेच लोक असणार आहेत. दोन्ही निकाल वेगळे लिहा, त्यांची बेरीज करू नका. आपल्याकडे पोर्ट म्हणून मिळते ती गोड लाल वाइन. पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली पोर्ट १९ ते २२ टक्क्यांची, आंबता-आंबता मध्येच द्राक्षाचं स्पिरिट घालून थांबवलेली असते. दोन्ही एकाच फेरीत कधीही ठेवू नका.

खारपाण_अकोला

@बहार_वरूड, एक राहिलंच. ब कडवटपणात पडली तरी लगेच ओतून देऊ नका. अ मध्ये ५, १० आणि २० टक्के ब मिसळून तीन ग्लास करा (१०० मिलीच्या मोजपात्रात ५, १०, २० मिली ब आणि वर अ) आणि प्रत्येकाची निव्वळ अ शी तीन ग्लासांची परीक्षा घ्या. दहा टक्क्यांपर्यंत कोणाला ओळखता आली नाही तर ब चा माल वाया जाणार नाही. हे दुसऱ्या दिवशी करा, त्याच सकाळी नको. आणि मिसळायच्या आधी ब ला व्हिनेगरचा किंवा उंदराचा दोष नाही याची खात्री करा. कडवटपणा पातळ होतो, तो दोष आख्ख्या टाकीत पसरतो.

बहार_वरूड

ठीक. मृगाचा क नमुना अजून गढूळ आहे, आज त्याची स्पिरिटची परीक्षा करून घेतो. देठाचे साठ ग्लास मात्र वरूडात मिळत नाहीत, केटररकडे जूसचे उंच ग्लास आहेत. चालतील का?

चाखणीघर

नाही, सरळ उंच ग्लासात वास उडून जातो. नागपूरहून भाड्याने आणा, किंवा चोवीसच मिळाले तरी चालेल: सहा-सहा जणांच्या दोन तुकड्या करा आणि प्रत्येकासमोर एका वेळी दोन-दोन नमुने ठेवा, क्रम तोच. दुसऱ्या तुकडीचा वेळ पावणेदहाच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि पहिल्या तुकडीला बाहेर पडताना दुसरीशी बोलू देऊ नका.